काज आहे, बटण कुठंय?

बसचालकाच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलं होतं, म्हणून दवाखान्यातल्या बाकावर शेजारच्या बापलेकींचं बोलणं तो कान देऊन ऐकत होता. बाप शिंपी. सुईत दोरा ओवता येईना म्हणून महिन्यापूर्वी ऑपरेशन करून घेतलेला, आज तपासणीला आलेला.

"दुपारी मुलाखत, आणि तू चित्रं काढत बसलीस?"

"हेच विचारतात, बाबा. चौकोन म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग. दांडीवर पूर्ण गोल असला, की तो भाग दुसऱ्याला काहीतरी देतो. अर्धा गोल असला, की त्याला काहीतरी हवंय."

"आणि गोल अर्ध्या गोलात बसला, की दोघं जोडले गेले."

"तुम्हाला कसं कळलं?"

"बटण आणि काज. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

"सहा वर्षं घरी बसले हो मी. गेल्या मुलाखतीत घामच फुटला."

"बरं, हे कशाचं काढलंस?"

"दुकानाचं. हा ऑर्डर घेणारा भाग, हा माल काढणारा, हा घरपोच पाठवणारा."

"या पाठवणाऱ्याला काज आहे, बटण कुठंय?"

"कुठलं काज?"

"हा खालचा एवढासा अर्धा गोल. शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात 'पत्ता' लिहिलंयस. पत्ता देणार कोण याला?"

"अरेच्चा. गिऱ्हाइकांच्या नोंदींचा भागच राहिला. गेल्या वेळी इथेच अडकले होते."

"मग काढ आता. उसवून शिवायला लाज कसली?"

"बाबा."

"आता काय?"

"तुमचा चष्मा माझ्या पर्समध्ये आहे."