वस्तू क्रमांक आठ

…नाई, हसा तुमी, हसा! तुमाले काय जाते? पेटी मायी, पोशाख माया पोरीचा, शिवला माया मायनं, खोलीबी मायाच बापाची… न कुलूप? कुलूप सरकारचं! तेबी कोणत्या सरकारचं, त जे मंडळ सरकारनं सोताच बंद केलं, त्या मंडळाचं! म्हंजे मंडळ मेलं, पण कुलूप जितं! अन् बोलाले गेलो का जो तो एकच इचारते, "पंचनाम्यावर सही कोणाची?" आता काय सांगू? सही कोणाची? मायीच!

थांबा, बयजवार सांगतो. आमचा तांडा फुलसावंगीहून उलीसा पुढं. घराले लागून एक स्लॅबची खोली हाये. माया बापानं तीस वर्साआंधी ते 'कोरडवाहू बियाणे प्रसार मंडळा'ले देल्ली. फुकट! काहून? त दारावर सरकारी पाटी लागते म्हून! बाप मरेपर्यंत रोज सकाळी त्या पाटीची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसे. मंडळानं कायचा प्रसार केला ते मले इचारू नका, आमच्या वावरात त त्याचा एक दाणा आला नाई. खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक न उघडणारी आलमारी न एक बाबुलाल. बाबुलाल म्हंजे तिथला कारकून, शिपाई, साहेब, सारं तोच. दहाले ये, बाराले झोपे, चारले मायी बायको बबिता चहा दे, तो पिऊन घरी जाये. लय भला माणूस! कोणाच्या अध्यात नाई, मध्यात नाई, कामात त नाईच नाई.

तोच म्हणे, "हरिसिंगभाऊ, तुह्या घरावर टिनं, पाणी टपकते, उंदरं खाते, ठेव ना सामान इथं. सरकार का पाहाले येते?" ठेवलं! कूलर ठेवला, शिलाई मशीन ठेवली, तांड्याचा नगारा ठेवला… न पेटी ठेवली.

आता पेटीत काय, ते ऐका. मायी माय लालीबाई, आमी बंजारे लोक मायले याडी म्हणतो. त याडीनं नातीच्या, माया जयाच्या लग्नासाठी फेटिया-कांचळी शिवली. आमच्या बायाइचा घागरा-चोळी, त्याच्यावर आरसे, कवड्या, न टाका टाका हातानं. तीन वर्सं शिवत होती! शेवटचा आरसा लावला न दोन्ही डोयात मोतीबिंदू उतरला. आता तिले सुई दिसत नाई, दोरा त दूरच. म्हंजे दुसरा शिवणं नाई. समजलं ना? दुसरा नाईच.

न इकडे मुंबईत कोणाले तरी जाग आली. तीस वर्सानं! म्हणे हे मंडळ निरुपयोगी हाये. अरे, हे आमच्या बकऱ्याइलेबी माहीत होतं! म्हणे मंडळ बंद, न त्याचे सारे कामं नव्या 'एकात्मिक शेतकरी सहाय्य कक्षा'ले वर्ग. मी बाबुलालले म्हटलं, "कोणते कामं वर्ग करते बाप्पा? तुयी झोप?" तो म्हणे, "भाऊ, आदेशात 'सर्व' लिहून हाये."

मंग एक दिवस खोली बंद कराले साहेब आले. चष्मा, बॅग, लाख, मेणबत्ती, सारं घेऊन. आल्या आल्या म्हणते, "इथे कोणी प्रतिष्ठित व्यक्ती आहे का? पंच म्हणून?" आता प्रतिष्ठित म्हटल्यावर मी मांगं राहीन काय? टोपी घातली, बबिताले म्हटलं चहा टाक, न मीच कपबशा घेऊन धावून राह्यलो. तेवढ्यात तिकडे यादी सुरू! "क्रमांक एक, टेबल. क्रमांक दोन, खुर्ची. तीन, कपाट, न उघडणारे. पाच, कूलर…" मी साखर ढवळून राह्यलो, माया ध्यानातच नाई! साहेबानं पेटी खोलली, पाह्यलं, म्हणे, "बाबुलाल, हे काय?" अन् बाबुलालची गाळण! घरचं सामान हापिसात ठेवू देल्लं म्हणन त नोकरी जाते. तो म्हणे, "साहेब, ते… प्रसारासाठी. कार्यक्रमात बायाइले घालाले." साहेब खूश! "वा! लिहा. क्रमांक आठ, लोखंडी पेटी, हिरवी, आत नमुना पोशाख, एक संच."

न मी काय केलं? सही! अशी झोकदार सही, खाली दोन रेघा! फोटोबी काढला! वर लिहून होतं, 'वरील सर्व वस्तू मंडळाच्या मालकीच्या असल्याची आम्हां पंचांची खात्री झाली.' आमची खात्री! माया मायची पेटी मंडळाची हाये याची मले खात्री! दाराले कुलूप लागलं, त्याच्यावर लाखेचा ठप्पा बसला, तवा माया डोक्यात उजेड पडला. तोंड उघडलं, त बाबुलालनं मायं मनगट धरलं, "चूप राह्य भाऊ, लेकरंबाळं हायेत मले, आठ दिवसात मीच खोलून देतो." आठ दिवसात बाबुलालची बदली कळंबले! फोन केला, त म्हणते, "भाऊ, आता माया हातात काईच नाई. तुयासाठी इथल्या चिंतामणी गणपतीले नारळ फोडतो."

अन् जयाचं लग्न वीस दिवसावर!

गेलो तालुक्याले. त्या कक्षात एक बाई होत्या, लय गोड बोलाच्या. म्हणे, "काका, ते मंडळ आता अस्तित्वातच नाही." म्हटलं, "मंग बरं झालं, कुलूप तोडतो." त्या खुर्चीतून उठल्याच! "अहो, शासकीय मालमत्ता आहे ती!" म्हटलं, "बाई, जे नाईच हाये त्याची मालमत्ता कशी हाये?" त म्हणे, "वर्ग झाली ना." "कोणाकडे?" "आमच्याकडे." "मंग द्या." "यादी आली की!" यादी कोणापाशी? त यवतमाळले. यवतमाळले गेलो, त म्हणे तालुक्याले पाठवली. मधात कुठी गेली ते यादीलेच माहीत!

शेवटी त्याच पंचनाम्यावाल्या साहेबापाशी अर्ज केला, पेटी मायी हाये म्हून. साहेबानं चष्मा काढला. "सही कोणाची?" म्हटलं, "मायीच." साहेब म्हणते, "मग विचार करून सांगा. पेटी मंडळाची असेल तर तुमचा अर्ज खोटा. पेटी तुमची असेल तर तुमचा पंचनामा खोटा, शिवाय शासकीय कार्यालयात अतिक्रमण. कोणता गुन्हा लिहू?" आता सांगा, माणसानं निवडाव तरी काय? मी म्हटलं, "साहेब, पाणी भेटन का?"

घरी आलो त याडी त्या दारापाशी बसून. रोज बसे. लाखेवरून बोटं फिरवे न आपल्या बोलीत इचारे, "हरी, मार पेटी कत छ?" मायी पेटी कुठी हाये? अवं, तुया हाताखालच्या कुलपाआड हाये! जया म्हणे, "राहू द्या बा, मी भाड्याचा लेहंगा घालतो, तुमी जिवाले लावून घेऊ नका." अन् आतमंधी जाऊन रडे. मले वाटे, आपलाच हात तोडून टाकाव, ज्यानं त्या दोन रेघा ओढल्या!

अन् लग्नाच्या आदल्या दिवशी, देवच पावला म्हणा, साहेब हजर! म्हणे यादी सापडली, पण कक्षात सामान ठेवाले जागा नाई. तवा हे सारं सुपुर्दनाम्यावर एका विश्वासू स्थानिक माणसाच्या ताब्यात द्याचं. वापराचं नाई, खराब कराचं नाई, मांगन तवा हजर कराचं. विश्वासू कोण? साहेबानं पंचनामा उघडला. सही कोणाची? मायीच! मंग काय, आणखी एक सही! मायाच बापाच्या खोलीत, मायाच मायची पेटी मले सरकारनं सांभाळाले देल्ली, न मी हात जोडून "लय उपकार झाले साहेब" म्हटलं!

पण लग्न झालं भाऊ. जया फेटिया-कांचळी घालून उभी राह्यली, याडीनं तिच्या आंगावरून हात फिरवला, एक एक आरसा मोजला, न म्हणे, सारे हायेत. मी मांडवामांगं जाऊन रडलो. खोटं कायले बोलू?

मले वाटलं, सुटलो. मार्च आला न फोन आला. "हरिसिंग राठोड? वार्षिक पडताळणी आहे. सर्व वस्तू हजर ठेवा." टेबल दाखवलं, खुर्ची दाखवली, कूलर दाखवला. "क्रमांक आठ?" म्हटलं, "साहेब, ते… सासरी गेली." "कोणाच्या आदेशाने?" आता काय सांगू, गोतानं अक्षता टाकल्या म्हून? साहेब म्हणे, "हजर करा, नाही तर अपहार." पोरीले फोन केला, बिचारी पेटी डोक्यावर घेऊन यष्टीनं आली. साहेबानं आरसे पाह्यले, खूण केली, गेले. म्हटलं, "आता झालं ना?" म्हणे, "यादी रद्द होईपर्यंत दर मार्चला." "रद्द कोण करते?" "मंडळ." म्हटलं, "मंडळ त बंद झालं!" साहेब म्हणे, "तीच तर अडचण आहे."

न यंदा दिवाळीले मी जयाले आणाले गेलतो. विहीणबाईनं पाणी देल्लं, चहा देल्ला, न म्हणे, "व्याहीबुवा, मार्चले त सरकार बोलावतेच तिले, आठ आठ दिवस राह्यते. मंग वर्सातून दोनदा कायले?" एकटाच वापस आलो. साऱ्या तांड्याच्या पोरी दिवाळीले माहेरी येते भाऊ… मायी मार्च एंडिंगले येते.