दोन गोलार्ध आणि गोटीरामबाबा

...नाही नाही, पृथ्वीचे दोन भाग आहेत याला माझी हरकत नाही हो, पण तुम्हाला सांगतो, त्या दोघांनी मिळून माझंच लग्न मोडायचं काय कारण? मी नाशिकच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाइन ओततो, नुसती ओततो, थेंब पीत नाही! पण माझं जिच्याशी ठरलं होतं त्या पेठ तालुक्यातल्या मनीषानं बापाची दारू केवढ्या कष्टानं सोडवलेली... तिला सांगणार कसं? म्हणालो, द्राक्षाच्या रसाची कंपनी आहे. झालं! तिचे वडील गोटीरामबाबा, 'जावयाची कंपनी बघतो' म्हणून न सांगता थेट दारात! आणि दिवस कोणता? आमच्या वायनरीच्या पल्लवी मॅडमचा उत्तर-दक्षिण मुकाबला, दोन गोलार्धांच्या वाइन चाखून कुठली सरस ते ठरवायचं! इकडे फ्रान्स, इटली, तिकडे चिली, ऑस्ट्रेलिया... 'या ना काका, बसा!' मॅडमनी बाबांना इंदिरानगरच्या पाहुण्यांतच बसवलं आणि मला डोळ्यांनी खूण, ओत! आता तुम्हीच सांगा, मी तोंड उघडणार कसं? दारू म्हणावं तर मनीषा जाते, रस म्हणावं तर नोकरी जाते!

ओतली. इंदिरानगरच्या बाई फ्रान्सचा घोट घोळवत, 'अगंबाई, ही जरा अबोल वाटते, नाही?' त्यांचे मिस्टर, 'चिली घे, कशी मोकळी बोलते बघ!' अहो, बाटल्या बोलत होत्या, मुका मीच! तेवढ्यात बाबांनी ग्लास हुंगला, बोट बुडवलं... आणि दोन थेंब खाली शिंपडले. धरतरीमातेला! आमच्याकडे पिण्याआधी धरतरीला थेंब देतात तो दारूचा हो, रसाचा कोण देतं? म्हाताऱ्यानं ओळखलं होतं! त्यात पाहुण्यांना वाटलं हीच रीत, सगळ्यांनी गालिच्यावर फ्रान्स शिंपडलं! मॅडम माझ्याकडे बघतायत, बाबा माझ्याकडे बघतायत... तुम्हीच सांगा, तोंड उघडणार कसं?

बाबा मात्र शांत. 'पावणं, रस लय ब्येस हाय. पन कोनती बाजू चांगली, ते एका घोटात नाय कळायचं. दोनी परत दे.' दिल्या. 'परत दे.' दिल्या!

संध्याकाळी मनीषाचा फोन. 'बाबा एसटीतून उतरले ते ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रेलिया करत! असला कसला रे तुझा रस? परत तोंड दाखवू नको!' अहो, दाखवायचं सोडा, ते उघडलंच कुठं होतं मी?

आता दर रविवारी बाबा पेठहून गुपचूप येतात, पुढची खुर्ची धरतात, 'जावयबापू, आज कोनती बाजू?' मी मुकाट्यानं ओततो. काय करणार? बायको गेली, पण सासरा पक्का झाला!