आईचं उलटं घड्याळ

ताई : घड्याळ तू ने म्हटलं ना. मला नको.

धाकटा : अगं, मी काय करू त्याचं? छातीला लावून ऑफिसात जाऊ? ते लटकतंसुद्धा उलटं! लोक म्हणतील, ह्याला वेळ विचारायची तर आधी शीर्षासन करा.

ताई : मग मावशीला दे. दोघींनी नर्स म्हणून बरोबरीनं जन्म काढलाय.

मावशी : मला नको हं. माझं मला आहे, नि लावायला छाती एकच. तुमच्या आईचं कपाट आवरायला बोलावलंत म्हणून आले, वाटणी घ्यायला नाही. थोरली तू, घड्याळ तुझं.

ताई : साड्या घेईन, चष्मा घेईन. तिची ती फाटकी बॅगसुद्धा घेईन. घड्याळ नको. माझं वैरच आहे त्याच्याशी.

धाकटा : घड्याळाशी वैर? आई जाऊन महिना झाला, आता कुणाशी भांडतेस?

ताई : तू पाळण्यात होतास, तुला काय आठवणार! आई यायची कुठून कुठून. कधी वाळवंटातल्या दवाखान्यातून, कधी बर्फातल्या गावातून, कधी भूकंपाच्या छावणीतून. पायाला भिंगरी होती तिच्या. मी धावत दाराशी जायचे. दुसऱ्यांच्या आया पोरीला पोटाशी धरतात. आमची आई बॅग खाली ठेवायची, माझं मनगट धरायची आणि नाडी मोजत, मान खाली घालून घड्याळात बघत बसायची. पोटची पोर म्हणजे खाट नंबर सात!

धाकटा : मला तर म्हणे उचलून घ्यायची.

ताई : घेईल नाहीतर काय. शेंडेफळ ना तू!

मावशी : तसं नव्हे गं. ह्याला कुठे कळत होतं आई गेली होती ते? तुला कळत होतं. तुझ्या डोळ्याला डोळा द्यायची तिची छाती नव्हती.

ताई : जाताना पुन्हा तेच. 'आई, नको ना जाऊस' अगदी ओठांवर यायचं. की ही मनगट धरायची. "गप्प. मोजतेय." झालं! मी गप्प. मग बॅग उचलली की चालती. ते एक वाक्य माझ्या तोंडून कधी बाहेर पडलंच नाही बघ.

धाकटा : आणि तरी तिचं सगळं तूच केलंस. मी नुसता फोनवर "कशी आहेस, कशी आहेस".

ताई : केलं म्हणून काय राग जातो? त्या शेवटच्या दुपारीसुद्धा हेच. आधी ते घड्याळ गाऊनला लावून मागितलं. मग माझं मनगट धरलं, ते संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. मी तोंड उघडलं, तर "गप्प. मोजतेय." म्हटलं, मोज बाई, तेवढंच बरं वाटेल तुला. आणि दिवेलागणीला गेली. आमचं शेवटचं बोलणं काय, तर एवढंच.

धाकटा : ताई... हे तू मला सांगितलं नाहीस.

ताई : फोनवर काय काय सांगू?

मावशी : ए, ते घड्याळ बघ रे. किती वाजलेत त्यात?

धाकटा : पावणेचार. आत्ता तर अकरा वाजतायत. बंद पडलंय वाटतं. थांब, चावी देतो... छे, फिरतच नाही.

मावशी : कशी फिरेल? आत सगळा गंज. ते बंद पडलं तेव्हा तू जन्मलाही नव्हतास. आमचा पहिलाच दौरा, पुराच्या गावात. नाव कलंडली, दोघी गळ्यापर्यंत पाण्यात! औषधांची पेटी डोक्यावर धरून वाचवली, घड्याळ मात्र बुडालं.

ताई : काहीतरीच काय, मावशी! आणि मग पेशंटची नाडी कशावर बघायची?

मावशी : भिंतीवरच्या घड्याळात. भिंत नसली तर माझ्यात. हे कुणाला हात लावू द्यायची नाही.

ताई : अगं, मी ह्या डोळ्यांनी बघितलंय तिला त्यात बघताना!

मावशी : बघायची गं. पण वाचायला त्यात होतं काय? ही आमची वॉर्डातली युक्ती. नर्सला पेशंटसमोर रडता येत नाही. ती रडली की त्याला वाटतं, आटोपला आपला कारभार. मग अगदीच भरून आलं की जवळचं मनगट धरायचं, मान खाली, नजर घड्याळावर. नाडी मोजणाऱ्या नर्सला कुणी हाक मारत नाही. मोठा डॉक्टरसुद्धा थांबतो. तेवढ्यात आपण आपल्याला सावरायचं. सगळ्या करायचो. तुझ्या आईने ती युक्ती घरी आणली, तिथे चुकली ती.

ताई : तू बोलली नाहीस तिला?

मावशी : बोलले तर! म्हटलं, पोरगी पेशंट नाही तुझी, रड की तिच्यासमोर. तर म्हणाली, "मी रडले तर ती जाऊ नको म्हणेल. आणि तिने म्हटलं तर माझा पाय निघायचा नाही."

ताई : म्हणजे ती... मोजत नव्हती?

मावशी : कपाळ मोजणार! काटाच हलत नाही.

ताई : एकदा माझ्या हातावर थेंब पडला होता. म्हणाली, "घाम गं, बाहेर किती ऊन आहे." थंडीचे दिवस होते, मावशी. मला स्वेटर घातलेला होता.

मावशी : कधी धड खोटं बोलता आलं नाही तिला.

ताई : मी बोलले असते गं त्या दुपारी. खूप बोलायचं होतं. मोजताना तिचे ठोके चुकतील म्हणून श्वाससुद्धा हळू घेत होते.

मावशी : चीड तू तिच्यावर. खुशाल चीड. अर्ध्या जगाला विचारत हिंडली, कुठे दुखतंय, कुठे दुखतंय. घरात मात्र तोंडाला कुलूप.

ताई : दे रे ते घड्याळ इकडे. आणि दुरुस्तीला कुणी न्यायचं नाही, सांगून ठेवते.

(बाहेर गाडीचा हॉर्न वाजतो.)

धाकटा : आली गाडी. निघायला हवं गं, विमान चुकेल. मावशी, येतो. ताई, वेळेवर जेवत जा. पोचलो की फोन करतो... अगं, मनगट काय धरलंस? सोड ना. वर बघ की जरा. ताई? तुला नाडी बघता तरी येते का?

ताई : गप्प. मोजतेय.