काकूसाठी थँक्यू

तळ्यावरचं धुकं चीनमधल्या दाली गावाच्या बसच्या काचेला चिकटलं होतं. निवृत्त शिक्षिका फांगबाई अर्धवट पेंगत होत्या. पुढच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात बोलत होते. त्यांचे शब्द धुक्यातून यावेत तसे हळूहळू येत होते.

"म्हणा आजोबा, थँक्यू."

"सँक्यू."

"चालेल. इंग्रज काकूनं चहा दिला की म्हणायचं. भात वाढला, मीठ सरकवलं, तरी म्हणायचं."

"मिठालासुद्धा? घरच्या सुनेला? अगं, तिला वाटेल म्हाताऱ्यानं मला पाहुणीच ठरवलं."

"त्यांच्याकडे उलटं असतं. मागच्या नववर्षाला तिनं दिवसभर खपून डंपलिंग केली आणि तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ती परसात जाऊन रडली."

"मी तर वाडग्यावर वाडगे रिचवले."

"ते तिला कसं कळणार?"



"आपली समजून गप्प बसलो गं."

"म्हणून तर शिकवतेय. आज संध्याकाळी ती आली की विसरू नका. हं, हे घ्या, संत्रं सोललंय."

"थँक्यू."

फोड तिच्या हातातच राहिली.

"मला कशाला म्हणता?" नातीचा आवाज बारीक झाला. "मी काय परकी आहे?"