चढावरची फट

—नाही, ओढू नका. ओढू नका म्हटलं ना! हात खांद्यातून उपटून येईल आणि मग बारकीला काय सांगाल, तुझ्या बाबांचा एवढाच भाग निघाला म्हणून? बसा जरा. त्या दगडावर टेका आणि दम खा. आणि मला नका सांगू श्वास सोडा म्हणून, मघापासून तुमचं तेच चाललंय — बाबा, छाती रिकामी करा, बाबा, हवा सोडा — मी काय सायकलची ट्यूब आहे? तो कपाळावरचा दिवा जरा बाजूला वळवा, डोळ्यांत येतोय. हां. आता दिसलात. घाबरलेले दिसताय, जावईबापू. तुम्ही कशाला घाबरता, अडकलोय मी. तुम्ही तर सुरसुर करत वर पोचलात, पाल जाते तसे. वाईट अर्थानं नाही म्हणत हो, कौतुकच आहे.

थांबा, मागे विचारतो. बारके! माझा बूट धरलायस ना? — धरलाय म्हणते. तुम्हाला नाही ऐकू यायचं, मध्ये मी बसलोय ना बुचासारखा. तिचं तुम्हाला आणि तुमचं तिला, सगळं माझ्यामार्फत. तिला सांगून ठेवलंय, बूट सोडायचा नाही आणि दुसरी वाट शोधायला तर अजिबात जायचं नाही. मघाशी म्हणत होती, बाबा, डावीकडे एक बोळ दिसतोय, बघून येते. बघून येते! या गुहेत सगळे बोळ एका आईची लेकरं, तोंडवळा सारखाच. आपण फाट्याफाट्याला खुणेच्या पट्ट्या बांधल्या त्या या एका वाटेवर, बाकी सगळीकडे देवाच्या हवाली. तुम्हीच शिकवलंत ना तिला, फाटा आला की मागे वळून बघायचं, परतताना वाट कशी दिसेल ते डोळ्यांत साठवायचं? बरं, गुहेत उतरायला शिकवणाऱ्या सरांनी शिकवलं, तुम्ही नाही. पण सरांची गोष्ट सर सोबत असेपर्यंत. आज पहिल्यांदाच आपले आपण आलो, आणि बघा, शिष्य काय दिवे लावतायत.

मला तर हसू येतंय. म्हणजे आलं असतं, पण हसायला छातीत जागा नाही. सगळी हयात लोकांचं सामान हलवण्यात गेली माझी — कपाटं, पलंग, एकदा तर अख्खा पियानो, अरुंद जिन्यातून, कठडा न काढता. हमालांना मी एकच सांगायचो, दाराशी भांडू नका रे, कोन बघा. कपाट दारात अडकत नाही, माणसाची अक्कल अडकते. आणि आज मीच कपाट. आत जाताना कसा गेलो सांगा? घसरगुंडीवरून जावं तसा! उतार होता ना. वजनानंच ओढून नेलं मला खाली, कळलंसुद्धा नाही फट अरुंद आहे म्हणून. मी आणखी तुम्हाला ओरडून सांगितलं, बघा, मला जाडा म्हणत होता! आता तोच उतार चढ झालाय, आणि जे वजन मला आत घेऊन आलं तेच मागे खेचतंय. मागे सरकावं म्हटलं तर जाकीट गोळा होऊन बगलेत बसतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये आम्ही, पालथे.

काय? — हो, माहीत आहे. सर म्हणाले होते. बाहेर पडताना सगळ्यात जाडा माणूस सगळ्यात शेवटी, म्हणजे तो अडकला तर बाकीचे सुटलेले असतात. तुम्हीही म्हणालात, खालीच म्हणालात, बाबा, आधी मी, मग ही, मग तुम्ही. आणि मी म्हटलं नाही, बारकी मागे राहू दे, ती मला ढकलेल. ढकलेल! ती केवढी, मी केवढा. चिमणीनं बैलाला ढकलावं तसं. खरं कारण ते नव्हतंच. सांगू? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, माझी छाती दाबल्यावर उघडलंय. मला शेवटी राहायचं नव्हतं. तुम्ही दोघं वर गेलात, तुमचे दिवे गेले, आणि मी खाली एकटा, माझी पाळी कधी येते बघत — ते नको होतं मला. म्हणून मध्ये घुसलो. लग्नाच्या फोटोत घुसतात तसा.

हळू बोलतोय, तिच्या कानावर नको जायला. जरा जवळ या. या हो, चावत नाही.

मला माहीत आहे तुम्ही जाताय ते. असे बघू नका. दूर, दुसऱ्या गावी, नोकरी तुमची, घरही बघून झालंय. कसं कळलं? अहो, तुम्ही टेम्पोसाठी विचारायला गेलात कुणाकडे, तर बसस्टँडमागच्या त्या टकल्याकडे! सबंध गावात सामान हलवणारे आम्ही किती जण, आणि आम्ही रोज एकाच टपरीवर चहा पितो हे तुमच्या डोक्यात नाही आलं? त्यानं चहा पिता पिता विचारलं मला, काय हो, लेकीचं घर हलवायचंय आणि गिऱ्हाईक माझ्याकडे कसं? मी काय बोलणार? म्हटलं, घरच्या माणसाला घरचं काम देत नाहीत आमच्याकडे. हसलो. त्याला वाटलं विनोद केला. चहा तसाच राहिला माझा. माझ्या लेकीचं कपाट, जे मी हातानं आणून तिच्या खोलीत ठेवलं, ते तो टकल्या उचलणार — तो काच गुंडाळतसुद्धा नाही नीट!

रागावलो नाही. रागावलो होतो, आता नाही. मला कळत होतं तुम्ही सांगायला टपलाय. जेवताना बारकी भात कालवत बसायची, तुम्ही तिच्याकडे बघायचात, ती तुमच्याकडे, आणि मी उठून हात धुवायचो. संधीच द्यायची नाही. मग तुम्ही हे गुहेचं काढलंत, सुट्टीच्या दिवशी दोघंच जातो म्हणालात, तर मी म्हटलं मीही येतो. या वयात! सरांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, म्हणाले, काका, नक्की ना? मी म्हटलं नक्की. कारण रांगताना कोण कुणाला काय सांगणार? पुढच्याचे बूट दिसतात फक्त. इथे माझ्याशी कुणी काही बोलू शकत नव्हतं. तेवढ्यासाठी आलो हो मी, तेवढ्यासाठी शिकलो पट्ट्या बांधायला आणि पोटावर सरपटायला. आणि खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं होतं. तिघं मिळून डबा खायचो त्या मोठ्या दालनात, दिवे बंद करून. किती शांत असायचं. वाटायचं, हे असंच राहावं.

—जातो म्हणताय? कुठे? सरांना बोलवायला? बाहेर जाऊन, टेकडी उतरून, जिथे फोन लागेल तिथपर्यंत, मग ते येणार, मग दोर, मग माणसं... नको. थांबा. थांबा ना जरा. मी करतो प्रयत्न, करतो म्हटलं ना. पण श्वास सोडायचं नका सांगू. खांदा वळवतो, पोट आत घेतो, पण ते तेवढं नका सांगू मला. तुम्हाला वाटतं म्हातारा हट्टी आहे. तसं नाही हो. तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा उशाशी मी होतो. बारकी औषध आणायला गेली होती. बायकोनं श्वास सोडला, चांगला लांब, बरं वाटल्यासारखा. मी वाट बघत बसलो पुढचा घेईल म्हणून. आता घेईल, आता घेईल. माझी छाती मी गच्च धरून बसलो होतो, जणू मी सोडला नाही तर तीही — असो. घेतलाच नाही तिनं. तेव्हापासून मला पुरता श्वास सोडायची भीती वाटते. झोपेतही वाटते. आता कुणाला सांगत फिरणार हे? हमालांना?

तुम्ही काही बोलू नका. बोललात तर मला रडू येईल आणि रडायलाही इथे जागा नाही.

एक मिनिट. माझ्या काखेजवळ इथे उजेड येत होता ना? पिवळा, खालून, तिच्या दिव्याचा? तो कुठे गेला? बारके! बारके, दिवा का बंद केलास? — गेला म्हणते. आपोआप गेला. दुसरा? — दुसरा दिवा कुठाय गं तुझा? — अगं देवा. तो माझ्या डोक्यावर आहे. माझा मघाशी पाण्यात पडला तेव्हा तिनं स्वतःचा काढून मला दिला, म्हणाली, बाबा, माझा आहे एक, पुरे. आणि मी घेतला! विचारलंही नाही. सुटे सेल? — तुमच्या पिशवीत. सगळे तुमच्याच पिशवीत, पिशवी वर, ती खाली, आणि मध्ये हा डोंगर. बाजूनं सरकवता येईल का? बघा, घाला हात. नाही ना? बोटही जात नाही. माझ्या डोक्यावर दोन माणसांपुरता उजेड आणि पोरगी तिकडे अंधारात.

काय म्हणतेस गं? — ठीक आहे म्हणते. काही नाही बाबा, मी ठीक आहे, तुम्ही सावकाश. ऐकलंत? नाही ऐकलंत, मी ऐकलं. हा आवाज मी ओळखतो. ताप चढला की असा व्हायचा तिचा आवाज, ठीक आहे म्हणायची आणि माझी करंगळी धरून ठेवायची. आता बूट आवळलाय. इतका आवळलाय की पाय बधिर होतोय माझा. आणि मी इथे गप्पा मारत बसलोय. अहो, तुम्ही तरी मला गप्प करायचं! मी बोलतोय म्हणून छाती भरतेय, छाती भरतेय म्हणून अडकलोय, एवढं कळत होतं ना तुम्हाला? कळत होतं. आणि ऐकत बसलात. कुणी एवढं ऐकलं नव्हतं माझं, खरं सांगायचं तर.

चला. सांगा परत, नीट सांगा, आता ऐकतो. डावा खांदा खाली. उजवा वर. तिरपं व्हायचं. मग पूर्ण सोडायचा, तळापर्यंत, आणि त्याच वेळी पायाच्या बोटांनी खालचा दगड रेटायचा. मध्येच घ्यायचा नाही. तुम्ही ओढणार. ओढ रे, पोरा, माझ्या हाताची काळजी करू नकोस, याच हातांनी काय काय ओढलंय. मी आलो की तू खाली वाक, आधी दिवा दे तिला, मग मला पाणी. मला काही झालं तर — नाही, काही होत नाही. आधी तिला. जा तुम्ही दोघं, त्या गावी जा, जायचंच असतं. मी येऊन राहीन कधीतरी. नाही आलो तर बोलवा.

पाय रेटायला मोकळा हवा. बारके, ऐक. बूट सोड. — अगं मीच म्हटलं होतं सोडू नकोस, आता मीच म्हणतोय सोड. मी कुठे जात नाही, वर जातोय फक्त. लगेच तुझा नवरा येतोय दिवा घेऊन. अंधाराला भ्यायचं नाही, डोळे मिटून बस, म्हणजे तो आपलाच अंधार होतो. सोड बाळा. सोड. — सोडला.

धर रे हात. घट्ट. आता मी बोलणार नाही. सोडतोय हं —