एका लेव्हलपायी उपास

बायांनो, चहा तुमी घ्या, पण आज मले बोलू द्या. आमच्या जैनांच्या घरात दिवस बुडाला की अन्नाचा कण चालत नाही, हे अख्ख्या कारंज्याले ठाऊक आहे. परवा ताटं वाढली अन् खाली दुकानात हाक मारली. आमचे हे गल्ल्यावर बसून मोबाइलवर तीन-तीन रंगीत गोळ्या जुळवायचा गेम खेळून राह्यले होते.

"चला, दिवस बुडून राह्यला!"

"एवढी लेव्हल होऊ दे."

तीनदा बोलावलं, तीनदा तेच उत्तर. वर आले तेव्हा बाहेर अंधार. दोन्ही ताटं तशीच झाकून ठेवली. वरून मलेच म्हणतात, "तू तरी जेवून घ्यायचं! कायले थांबली?"

बावीस वर्षं ह्या माणसासाठी थांबून राह्यली मी! पोटात आग अन् डोक्यात त्याहून जास्त.

काल ऊन असतानाच एकटी पोटभर जेवली, भांडी घासून पालथी घातली. हे आले दिवस बुडाल्यावर. पालथी भांडी पाहून तोंड फुगवलं, "काहून, आज माह्यासाठी थांबली नाही?"

म्हटलं, "तुमच्यासाठी सूर्य थांबला नाही, मी कायले थांबू?"