कागदाचा दोडका

कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते गळतं, हे तुम्ही मानू नका हवं तर. आमच्या घरी मात्र त्यापायी लई रामायण झालं.

आप्पा तेव्हा रेल्वेत, नोकरीला लांब गुंटकलला. जाताना परसात दोडक्याचं बी लावून म्हणाले, "पहिला दोडका धरला की कळवा. कसंबी करून येतो."

करंगळीएवढा दोडका धरला, तशी आईनं मला लगेच कार्ड लिहायला बसवलं. कार्ड गेलं, आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या गंगीनं सरळ बोट केलं, "अक्का, त्यो बघ की!" झालं! दोन दिवसांत दोडका गळाला.

गंगी रडून रडून विचारायची, "आता आप्पा येत न्हाईत व्हय?"

मग मी पतंगाच्या हिरव्या कागदाचा दोडका केला. आत चिंध्या कोंबल्या, खळीनं चिकटवला, अंगावर शिरासुद्धा काढल्या आणि पांढऱ्या दोऱ्यानं वेलाला बांधला. आईला पत्ता लागू दिला नाही.

आठवड्यानं आप्पा आले ते पिशवीसकट थेट परसात. त्यांनी पान बाजूला सारलं, दोडका दाबून बघितला.

"कुणी केला गं?"

"मी केला. पण आप्पा, लगेच परत जाऊ नका."

"आन् बांधला कुणी?"

"मीच की, दोऱ्यानं," म्हणत मी पुढं झाले. दोरा कुठंच नव्हता. दोडका आईच्या जुन्या लुगड्याच्या काठानं दोन गाठी मारून घट्ट बांधलेला होता.